शेतवस्तीवरील उजेडासाठी सौर पॅनेल व लिथियम बॅटरी

गावठाणात वीज पोहोचली तरी गावापासून दूर, शिवारात वस्ती करून राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची रात्रीच्या उजेडाची अडचण अजून सुटलेली नाही. काही ठिकाणी खांबांची ओळ वस्तीपर्यंत आलेली नसते. कोठे ती आलेली असली तरी शेतीची वीज पाळीने मिळते, आणि रात्रीच्या पाळीत पिकास पाणी देणाऱ्यास अंधारात बांधावरून फिरावे लागते. मण्यार व घोणस हे विषारी साप मुख्यत्वे रात्रीच संचार करतात. गाय अवेळी विण्यास लागली, रानडुकरे पिकात शिरली किंवा घरातील मूल आजारी पडले, तर पहिली गरज लागते ती उजेडाची आणि दुसरी चालू असलेल्या मोबाइल फोनची. म्हणून वस्तीवर रात्रभर टिकणारा दिवा ही चैनीची नव्हे, तर जीवितरक्षणाची बाब आहे.

अशा ठिकाणी लहान सौर पॅनेल व लिथियम बॅटरी यांची जोडी फार उपयुक्त ठरते. पूर्वी सौर दिव्यांना बहुधा शिसे-आम्ल बॅटरी जोडीत. ती जड असते आणि वारंवार पूर्ण रिकामी झाल्यास थोड्याच काळात निकामी होते. तितक्याच शक्तीच्या लिथियम बॅटरीचे वजन निम्म्याहून कमी असते व ती पुष्कळ अधिक काळ टिकते. त्यामुळे जुनी बॅटरी काढून तिच्या जागी लिथियम बॅटरी बसविण्याकडे शेतकऱ्यांचा कल असणे साहजिक आहे. परंतु असा बदल करताना कंट्रोलर, चार्जर व तारा जुन्याच ठेवल्या, तर घात होण्याचा संभव असतो. बाजारात ‘बारा व्होल्टची’ म्हणून मिळणारी बॅटरी एका प्रकारची नसते. नाव एक असले तरी प्रत्येक प्रकाराची भरण्याची मर्यादा निराळी आहे. ती मर्यादा ओळखणे आणि तिच्याशी जुळणारा कंट्रोलर बसविणे, हेच या कामाचे मर्म होय.

पॅनेल, बॅटरी व कंट्रोलर यांची कामे

सूर्यप्रकाशापासून सरळ वीज देणारा सिलिकॉनचा उपयुक्त सौर घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. लिथियम आयन बॅटरी १९९१ साली प्रथम विक्रीस आली, आणि तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या दोन शोधांची सांगड घातल्यामुळे दिवसाचे ऊन रात्रीसाठी साठविणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आले आहे.

या साधनांची कामे पाण्याच्या उदाहरणाने सहज समजतात. पॅनेल हा झरा आहे. ऊन असेपर्यंतच तो वाहतो. बॅटरी हा हौद आहे. दिवसा भरावा आणि रात्री वापरावा. कंट्रोलर हा हौदावरील राखणदार आहे; हौद भरताच तो पाणी बंद करतो व तळ दिसू लागताच उपसा थांबवितो. हौद ओसंडला तर थोडे पाणी वाया जाते, एवढेच. बॅटरीचे मात्र तसे नाही. ती मर्यादेबाहेर भरली तर तिची नासाडी होते आणि प्रसंगी आगही लागते. म्हणून पॅनेलच्या तारा सरळ बॅटरीस कधीही जोडू नयेत. ‘बारा व्होल्टचे’ म्हणून मिळणारे ३६ घटांचे पॅनेल भर उन्हात सुमारे १८ व्होल्ट दाबाने काम करते, आणि त्यावर भार नसता २१ ते २२ व्होल्टपर्यंत दाब देते, हे लक्षात ठेवावे.

बॅटरीचे प्रकार व त्यांची ओळख

बारा व्होल्टच्या नावाखाली मुख्यतः तीन प्रकारच्या बॅटऱ्या आढळतात.

(१) शिसे-आम्ल बॅटरी : हिच्यात २ व्होल्टचे सहा घट असतात. ती सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत भरतात व नंतर १३.६ व्होल्टच्या आसपास सतत थोडा प्रवाह देत ठेवतात.

(२) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी : हिच्यात ३.२ व्होल्टचे चार घट एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणून हिच्यावर १२.८ व्होल्ट असा आकडा छापलेला असतो. प्रत्येक घटाची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे संपूर्ण बॅटरीची १४.६ व्होल्ट असते.

(३) निकेल, मँगेनीज, कोबाल्ट यांचा वापर केलेली लिथियम आयन बॅटरी : हिचा प्रत्येक घट ३.६ ते ३.७ व्होल्टचा असतो. तीन घटांच्या बॅटरीवर १०.८ किंवा ११.१ व्होल्ट असा आकडा असतो. प्रत्येक घटाची वरची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण १२.६ व्होल्ट असते.

आता शिसे-आम्ल बॅटरीचा जुना कंट्रोलर तिसऱ्या प्रकारच्या बॅटरीस जोडला, तर काय होईल याचा विचार करावा. कंट्रोलर १४.४ व्होल्टपर्यंत बॅटरी भरीत राहील. ते तीन घटांत विभागले असता प्रत्येक घटावर ४.८ व्होल्ट दाब येतो. मर्यादा ४.२ व्होल्टची असताना इतका दाब दिल्यास घटात धातुरूप लिथियम साचू लागते, आतील द्रवाचे विघटन होऊन वायू तयार होतो, घट फुगतो आणि तापतो. ही उष्णता एका ठराविक मर्यादेपलीकडे गेली की आतील रासायनिक क्रिया आपोआप वाढत जाते व बॅटरी पेट घेते. त्या वेळी पॅनेलची तार तोडूनही ती थांबत नाही.

वस्तीवरील उपयोगासाठी दुसऱ्या प्रकारची, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी निवडणे सर्वांत इष्ट होय. तिची रासायनिक रचना अधिक स्थिर असल्याने ती सहजासहजी पेट घेत नाही. चांगल्या बनावटीची अशी बॅटरी सर्वसाधारणपणे २००० वेळा भरता व रिकामी करता येते. रोज एक वेळ धरल्यास हा काळ सुमारे साडेपाच वर्षांचा होतो. बॅटरी घेताना तिच्यावर रसायनाचे नाव, व्होल्टचा आकडा, अँपिअर-तासांचा आकडा व जास्तीत जास्त चार्जिंग दाब या चार गोष्टी छापलेल्या आहेत किंवा नाहीत हे पाहावे. ज्या बॅटरीवर केवळ ‘लिथियम, बारा व्होल्ट’ एवढेच लिहिले आहे, ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

संरक्षक पट्टी

चांगल्या लिथियम बॅटरीच्या आत एक इलेक्ट्रॉनिक पट्टी बसविलेली असते, तिला बी. एम. एस. म्हणतात. एखादा घट मर्यादेपेक्षा अधिक भरला, फार रिकामा झाला किंवा तारा एकमेकींस चिकटून प्रवाह एकदम वाढला, तर ही पट्टी बॅटरीचा संबंध तोडते. बहुतेक पट्ट्या सर्व घट सारखे भरले जावेत अशीही व्यवस्था करतात. ही पट्टी नसलेली बॅटरी वापरू नये.

तथापि ही पट्टी म्हणजे कंट्रोलर नव्हे. ती शेवटच्या क्षणी उपयोगी पडावी म्हणून असते; रोजचे काम तिच्यावर सोपवू नये. कंट्रोलरची मर्यादा चुकीची असल्यास पट्टी रोज दुपारी बॅटरी तोडू लागते. बॅटरी तुटताच पॅनेलचा १८ ते २१ व्होल्टचा दाब काही कंट्रोलरमधून सरळ दिव्यांवर येतो व दिवे जळतात. दिवे वारंवार जात असतील तर दोष दिव्यांचाच आहे असे समजू नये. कंट्रोलरची मांडणी प्रथम तपासावी.

या पट्टीमुळे आणखी एक गैरसमज होतो. बॅटरी अगदी रिकामी झाली की पट्टी ती तोडते आणि बाहेरून मोजल्यास दाब शून्य किंवा अगदी थोडा दिसतो. कित्येक कंट्रोलर अशा वेळी बॅटरी जोडलेलीच नाही असे समजून तिला चार्ज करीत नाहीत. बॅटरी मेली असे मानून ती टाकून देण्यापूर्वी त्याच प्रकारच्या बॅटरीसाठी बनविलेल्या चार्जरने ती भरून पाहावी. मात्र असा चार्जर नसेल तर दुसऱ्या कोणत्याही साधनाने तिला जबरदस्तीने चालू करण्याचा प्रयत्न करू नये.

कंट्रोलरची निवड व मांडणी

लिथियम बॅटरी दोन टप्प्यांत भरली जाते. पहिल्या टप्प्यात पॅनेलकडून मिळेल तेवढा प्रवाह बॅटरी घेते व तिचा दाब हळूहळू वाढतो. वरची मर्यादा आली की दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात दाब तेथेच धरून ठेवला जातो आणि प्रवाह आपोआप कमी होत जातो. नळाखाली हंडा भरताना काठोकाठ आल्यावर नळ बारीक करतात, तसाच हा प्रकार आहे. प्रवाह अगदी थोडा उरला की चार्जिंग बंद व्हावयास पाहिजे. शिसे-आम्ल बॅटरीस भरल्यानंतरही सतत थोडा प्रवाह द्यावा लागतो व मधूनमधून अधिक दाबाने भरून तिचे घट समान करावे लागतात. लिथियम बॅटरीस या दोहोंची जरूरी नसते. अधिक दाबाचा हा उपचार तर तिला अपायकारकच आहे.

म्हणून कंट्रोलर असा घ्यावा की ज्यात बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय आहे. चार घटांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीसाठी पुढील मांडणी सर्वसाधारणपणे योग्य असते. बॅटरीवर निराळे आकडे छापलेले असल्यास ते प्रमाण मानावेत.

(१) चार्जिंगची वरची मर्यादा : १४.२ ते १४.४ व्होल्ट.
(२) घट समान करण्याचा अधिक दाबाचा उपचार : पूर्ण बंद.
(३) भरल्यानंतरचा दाब : बंद करण्याची सोय असल्यास बंद, नसल्यास सुमारे १३.५ व्होल्ट.
(४) दिवे बंद करण्याची खालची मर्यादा : सुमारे १२ व्होल्ट.

वरची मर्यादा १४.६ व्होल्टपर्यंत न नेता थोडी खाली ठेवल्याने साठा विशेष कमी होत नाही, उलट बॅटरीचे आयुष्य वाढते.

कंट्रोलर दोन जातींचे मिळतात. साधा, पी. डब्ल्यू. एम. जातीचा कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या दाबावर आणून काम करतो. १८ व्होल्टवर काम करणारे पॅनेल सुमारे १३.३ व्होल्टवर चालविल्यामुळे त्याच्या शक्तीचा जवळजवळ चौथा हिस्सा फुकट जातो. एम. पी. पी. टी. जातीचा कंट्रोलर जास्तीच्या दाबाचे प्रवाहात रूपांतर करतो व हे नुकसान बहुतांशी टाळतो. पण त्याची किंमत अधिक असते. शंभर वॅटपर्यंतच्या लहान मांडणीत साधा कंट्रोलर घेऊन थोडे मोठे पॅनेल बसविणे बहुधा स्वस्त पडते. साध्याच कंट्रोलरवर एम. पी. पी. टी. अशी अक्षरे छापून तो विकण्याचे प्रकार घडतात. तेव्हा फार स्वस्त मिळणाऱ्या कंट्रोलरवरील या अक्षरांवर विसंबू नये.

कंट्रोलरवरील तीन-चार दिव्यांवरून बॅटरीत किती वीज शिल्लक आहे याचा अंदाज करण्याची सवय असते. शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत तो अंदाज बराचसा खरा ठरतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा दाब मात्र १३ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यानच राहून तिचा फार मोठा भाग रिकामा होतो, आणि मग दाब एकदम घसरतो. म्हणून दिव्यांवर न विसंबता वापराचा हिशेब ठेवणे अधिक भरवशाचे आहे.

गरजेचा हिशेब

खरेदीपूर्वी रोज किती वीज लागेल याचा हिशेब करावा. दिवा किती वॅटचा व किती तास लावावयाचा, यांचा गुणाकार केला म्हणजे वॅट-तास निघतात. समजा, एका वस्तीवर पुढीलप्रमाणे गरज आहे.

घरात ५ वॅटचे दोन दिवे, ४ तास : ४० वॅट-तास
गोठ्यात ३ वॅटचा एक दिवा, १० तास : ३० वॅट-तास
दोन मोबाइल फोन, रोज एक वेळ चार्ज करणे : ४० वॅट-तास
२ वॅटचा रेडिओ, ५ तास : १० वॅट-तास
एकूण : १२० वॅट-तास

एक दिवस आभाळ भरून आले तरी अडचण पडू नये म्हणून दोन दिवसांचा साठा धरावा. तो २४० वॅट-तास होतो. बॅटरी शेकडा ८० पेक्षा अधिक रिकामी करू नये, या हिशेबाने ३०० वॅट-तासांची बॅटरी लागते. १२.८ व्होल्ट व २४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत यांचा गुणाकार, म्हणजे सुमारे ३०७ वॅट-तास वीज मावते. ती या वस्तीस पुरेशी आहे.

पॅनेलचा हिशेब उन्हाळ्यावर नव्हे, पावसाळ्यावर बसवावा. महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी सौरशक्ती मिळते. पावसाळ्यात हिशेबासाठी तीनच तास धरावेत. रोजच्या १२० वॅट-तासांत चार्जिंग व तारांतील घट म्हणून चौथा हिस्सा मिळविल्यास १५० वॅट-तास होतात. ७५ वॅटच्या पॅनेलपासून साध्या कंट्रोलरद्वारे, धूळ व उष्णता लक्षात घेता, शेकडा ७० म्हणजे सुमारे ५२ वॅट हाती येतात. तीन तासांत ते १५६ वॅट-तास होतात. याचा अर्थ, या वस्तीस ७५ वॅटचे पॅनेल घेणे योग्य होय. अशा पॅनेलचा प्रवाह सुमारे ४.२ अँपिअर असतो. त्यासाठी १० अँपिअरचा कंट्रोलर पुरतो.

आभाळ तीन-चार दिवस सतत राहिले तर वापर कमी करावा लागतो. कोणता दिवा आधी बंद करावयाचा हे घरात अगोदरच ठरवून ठेवावे. रेडिओ प्रथम, नंतर घरातील एक दिवा. गोठ्यातील दिवा आणि एक फोन मात्र शेवटपर्यंत चालू राहील अशी व्यवस्था असावी.

विहिरीचा पंप या लहान बॅटरीवर चालेल अशी अपेक्षा कोणी करू नये. तीन अश्वशक्तीच्या पंपास सुमारे २,२४० वॅट लागतात; वर सांगितलेली संपूर्ण बॅटरी त्यास दहा मिनिटेही पुरणार नाही. शेतीचे सौर पंप सामान्यतः बॅटरीशिवाय, दिवसा उन्हावर चालविले जातात. तेथे विजेचा साठा करण्याऐवजी पाण्याचा साठा करणे श्रेयस्कर असते.

पॅनेलची मांडणी

पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे. दिशा ठरविण्यास रात्री ध्रुवताऱ्याकडे तोंड करून उभे राहावे. पाठीमागची दिशा ती दक्षिण. महाराष्ट्रात १५ ते २० अंशांचा उतार योग्य असतो. एक मीटर लांबीच्या पॅनेलची वरची कड ३० सेंटिमीटर उचलली म्हणजे सुमारे एवढा उतार मिळतो. पॅनेल अगदी आडवे ठेवल्यास पावसाने धूळ वाहून जात नाही व खालच्या कडेस गाळ साचतो.

पॅनेलवर सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत कोणतीही सावली पडता कामा नये. सर्व घट एकापुढे एक जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावर फांदीची किंवा खांबाची सावली पडली तरी संपूर्ण पॅनेलचा प्रवाह एकदम घटतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो व सावल्या लांबतात, याचा विचार करून जागा निवडावी. सुगीत मळणीच्या दिवसांत आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी सकाळी, काच थंड असताना, पाण्याने व मऊ फडक्याने पॅनेल पुसावे. राख किंवा माती लावून घासू नये.

पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंश सेल्सिअस तापमानावर मोजलेले असतात. उन्हाळ्यात दुपारी पॅनेल ६० ते ६५ अंशांपर्यंत तापते व त्याची शक्ती सुमारे सातव्या हिश्शाने कमी होते. म्हणून पॅनेल पत्र्यास चिकटवून न बसविता खाली चार-सहा बोटे हवा खेळेल अशा रीतीने चौकटीवर बोल्टांनी पक्के बसवावे. वावटळीत उडून जाणार नाही याची खात्री करून घ्यावी.

जोडणीचा क्रम

जोडणी करताना क्रम चुकवू नये. प्रथम बॅटरी कंट्रोलरला जोडावी, त्यानंतर पॅनेल आणि शेवटी दिवे. काढताना याच्या उलट, म्हणजे प्रथम दिवे, नंतर पॅनेल व शेवटी बॅटरी काढावी. कंट्रोलर आपला दाब बॅटरीवरून ठरवितो. बॅटरी नसता पॅनेल जोडल्यास तो बिघडण्याचा संभव असतो.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १० अँपिअरचा फ्यूज बसवावा. फ्यूज उडाल्यास त्या जागी तांब्याची तार गुंडाळू नये. तो का उडाला ते शोधावे. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत १० मीटर अंतर असल्यास ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्यावी. बारीक तारेत दाब गळतो व तार तापते. तार उंदरांनी कुरतडू नये म्हणून नळीतून न्यावी. काम करताना हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे आणि पान्हा बॅटरीच्या दोन्ही टोकांवर एकाच वेळी टेकणार नाही याची दक्षता घ्यावी.

बॅटरीची जागा व निगा

लिथियम बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता होय. बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांपेक्षा अधिक तापमानात चार्ज करू नयेत असा नियम आहे. विदर्भ, खानदेश व मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतील तापमानच कधीकधी तेथवर जाते. पत्र्याच्या छपराखाली ते त्याहूनही चढते. म्हणून बॅटरी पत्र्यालगत, पॅनेलच्या मागे बंद डब्यात किंवा चुलीजवळ ठेवू नये. घरातील मातीच्या किंवा दगडी भिंतीचा थंड, कोरडा व मोकळा कोनाडा तिला उत्तम. कडबा, वाळलेली वैरण, रॉकेल, कीटकनाशके व खतांची पोती यांपासून ती दूर असावी. निजण्याच्या जागेच्या उशाशी किंवा बाहेर पडण्याच्या दाराच्या वाटेवरही ती नसावी.

काही महिने वापर नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून तिच्या तारा काढून ठेवाव्यात. पूर्ण रिकामी ठेवू नये. दोन-तीन महिन्यांनी तपासून आवश्यक तर थोडी भरावी. नवी व जुनी किंवा निरनिराळ्या प्रकारची बॅटरी एकत्र जोडू नये. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले घट जुळवून घरी बॅटरी तयार करण्याचा मोह टाळावा. त्यांतील एक दुबळा घट साऱ्या बॅटरीस धोका निर्माण करतो. बॅटरीवरील फवारणी पंप असल्यास त्यातील बॅटरी कोणत्या प्रकारची आहे ते पाहून तिचाच चार्जर वापरावा. शिसे-आम्ल पंपाचा चार्जर लिथियम पंपास लावू नये.

बॅटरी फुगली, हाताला चटका बसेल इतकी तापली, उग्र वास येऊ लागला किंवा फुसफुस आवाज झाला, तर पॅनेल व दिवे तोडून घरातील माणसांनी व जनावरांनी तेथून दूर व्हावे. धूर दिसण्यापूर्वीच शक्य असल्यास ती उघड्या जागी, गंजीपासून दूर न्यावी. धूर निघू लागल्यावर तिच्याजवळ जाऊ नये; तो धूर विषारी असतो. वाळूने ज्वाला झाकल्या जातात, पण आतील उष्णता कमी होत नाही. अशा लहान बॅटरीच्या आगीवर दुरून भरपूर पाणी मारून ती थंड करावी व अग्निशमन दलास कळवावे. विझलेली बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून ती घरात परत आणू नये.

निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, जाळू नये, फोडू नये. २०२२ साली केंद्र सरकारने केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे, आणि वापरणाऱ्यानेही ती इतर कचऱ्यात न मिसळता संकलन करणाऱ्याकडे द्यावयाची आहे. नवी बॅटरी घेतानाच जुनी परत घेण्याविषयी दुकानदाराशी बोलून ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाची तपासणी

गावात अशी मांडणी असल्यास कार्यकर्त्यांनी एक साधा मल्टिमीटर जवळ ठेवून पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) बॅटरीवरील रसायनाचे नाव व चार्जिंगची मर्यादा कंट्रोलरच्या मांडणीशी जुळते काय?
(२) भर दुपारी, बॅटरी भरत आलेली असताना, तिच्या टोकांवरील दाब किती आहे? लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर तो १४.६ व्होल्टच्या वर किंवा तीन घटांच्या लिथियम आयन बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या वर आढळल्यास पॅनेल ताबडतोब काढावे.
(३) फ्यूज जागेवर व योग्य अँपिअरचा आहे काय?
(४) बॅटरी हाताला किती गरम लागते? तिच्या बाजू फुगलेल्या नाहीत ना?
(५) पॅनेलवर सावली किंवा धूळ आहे काय?

या पाच गोष्टी पाहण्यास पाव तास पुरतो. बॅटरी विकत घेतलेल्या शेतकऱ्यास दुकानात या गोष्टी कोणी समजावून सांगितल्या असतीलच असे नाही. तेव्हा बॅटरीचा प्रकार व तिची वरची मर्यादा जाड अक्षरात कागदावर लिहून तो कंट्रोलरजवळ भिंतीस चिकटविल्यास पुढे दुरुस्ती करणाऱ्यासही मार्गदर्शन होते.

ऊन फुकट मिळते, पण बॅटरी कष्टाच्या पैशाने घ्यावी लागते. तिच्या अंगावरील आकडा वाचून, त्याच्याशी जुळणारा कंट्रोलर बसवून आणि तिला उष्णतेपासून जपून वापरल्यास ती वर्षानुवर्षे सेवा देते. रात्री बांधावर जाणाऱ्याच्या पायाखालची वाट उजळलेली राहते, आणि घरी वाट पाहणाऱ्यांच्या जिवास घोर लागत नाही.